पद्माक्कांची शेवटची चादर

पद्माक्का माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आल्या त्या पासपोर्टचा फोटो परत करायला. "हा पुढच्या गिऱ्हाईकाचा दिसतोय," म्हणाल्या. फोटो त्यांचाच होता. माझ्या संगणकातलं सॉफ्टवेअर आपणहून कांजिण्यांचे व्रण पुसायचं, रंग उजळायचं, नाक बारीक करायचं. गिऱ्हाईकं खूश होती, म्हणून मी ते कधी बंद केलं नव्हतं.

अक्का रागावल्या नाहीत. तोच फोटो त्यांनी पुन्हा त्या सॉफ्टवेअरमधून काढायला लावला, मग पुन्हा. "करा की भाऊ, कुठवर जातंय बघू." मी हसत करत, प्रत्येक फोटो छापून देत राहिलो. त्या मात्र पडद्याजवळ सरकून श्वास रोखून पाहत होत्या.

शहराच्या पूर्व भागात त्यांच्या घरचे चादरींचे माग होते. इतरांच्या चादरींवर मोर आणि फुलं असायची. अक्कांनी स्वतःचा चेहरा विणला, प्रत्येक चादरीवर पुढचा फोटो. कारखान्यातच त्या ओळीनं टांगल्या. पहिलीवर अक्का होत्या. शेवटचीवर दुधाळ, गुळगुळीत काहीतरी होतं, त्याला फक्त मोठे डोळे. बायका तिथवर येत आणि पदर सावरून मागं सरत. "घाबरावं म्हणूनच विणलंय," अक्का सांगत.

मी माझ्या मुलीला, नेहाला, तिथं घेऊन गेलो. दहावीतली पोरगी. स्कार्फनं तोंड बांधल्याशिवाय घराबाहेर पडेनाशी झाली होती, जेवणही सुटलं होतं. शेवटच्या चादरीपाशी ती थांबली ती हलेचना. मग हळूच विचारलं, "बाबा, मला एवढं गुळगुळीत करता येईल?"

अक्कांनी ते ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, पोरगी घाबरली नाही ओ. आता मलाच लई भीती वाटायलीय." तिथल्या तिथं त्यांनी ती चादर उतरवून घडी घातली.

मग नेहाला खिडकीपाशी बसवून, तिच्या आजीची, शाळेची चौकशी करत त्यांनी पेन्सिलीनं तिचं चित्र काढलं. हुबेहूब होतं. त्यांनी ते आमच्यापुढं धरलं, आणि माझी नजर थेट हनुवटीवरच्या काळ्या डागावर गेली. तिच्या पहिल्या वाढदिवसापासून प्रत्येक फोटोतून मी तो पुसत आलो होतो.

नेहा चित्र पाहतच नव्हती. मी कुठं पाहतोय ते पाहत होती. तिचा हात हनुवटीवर गेला.

अक्कांनी तो हात आपल्या हातात धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भाऊ, तुमी जरा भाएर थांबा."