हातानं टाकायचा नंबर

कॉम्प्युटरच्या दुकानात किस्से धुळीसारखे साचतात. अंबाजोगाईच्या आमच्या दुकानातले वर्षभरातले सगळे सचिनच्या नावावर. म्हणून सांगताना माझं तोंड कडू होतं.

शाळांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे फुकटातली सिस्टीम, टाकायचं काम आधी माझं. नववीतून शाळा सोडलेली, पण प्रत्येक मशीनचा वेगळा नेटवर्क नंबर हातानं भरायचो, वहीत उतरवायचो. सचिन डिप्लोमा करून आला. पहिल्याच दिवशी वही चाळून म्हणाला, "बाळ्या, हे सगळं एका फाईलीत लिहू. मशीन आपलं आपण लिनक्स टाकून घेईल."

मालक नाना म्हणाले, "मग बाळ्यानं काय करायचं?"

"चहा पिऊ द्या की."

सगळे हसले. मी चहा घेतलाच नाही.

*

पेनड्राईव्हवरून टाकलेल्या पहिल्या फाईलीत त्यानं एकच नंबर लिहिला. शाळेच्या दहाही मशीननी तोच घेतला. एकाचं नेट आलं की दुसऱ्याचं जायचं. मला इतका आनंद झाला, की मी सगळ्यांसाठी भजी आणली.

सचिननं तासाभरात दुरुस्त केलं. भजीही त्यानंच जास्त खाल्ली.

*

नानांच्या घरी जेवताना काकूंनी त्याला आग्रहानं भाकरी वाढली. मला म्हणाल्या, "तू घे रे हातानं. तुला सवय हाय."

*

मग नाना म्हणाले, "शिरूर कासारला पंचवीस मशीन हायत. घाटनांदूरच्या शाळेची लॅब जो चालू करील, तोच शिरूरला जाईल."

घाटनांदूरला सचिन दोन तास अडकला. या वेळी फाईल त्याच्या लॅपटॉपवर, मशीननं ती नेटवर्कवरून घ्यायची. आणि नेटवर्कचा नंबर त्या फाईलीत! पेटीची किल्ली पेटीतच.

"कावून चालंना बे?" सचिन वैतागला.

मला कळलं होतं. मशीन सुरू होतानाच पहिला नंबर हातानं टाकायला पाहिजे. पण मी वही मांडीवर मिटून ठेवली. तो पाणी प्यायला गेला, तेव्हा टाकला. मशीन धावलं.

तेवढ्यात नाना आले. "शाब्बास, सचिन."

"मी न्हाई नाना. बाळ्यानं केलं."

मेला, हेही त्यालाच चांगलं जमलं.

*

शिरूरला मी गेलो. फाईल उघडली. वरच सचिननं लिहिलेलं: 'पहिला नंबर हातानं टाका. अडलं तर बाळ्याला विचारा.'

खुर्ची ओढून बसलो. एक तरी चूक सापडावी म्हणून अख्खी फाईल तीनदा वाचली.

नाही सापडली.