शिव्यांपुरता क्लास

नव्वदच्या आसपास नवीन पनवेलला आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास नुकताच सुरू केला होता. एका रविवारी चाळिशीच्या एक बाई आल्या. मुंबईत एका एक्स्पोर्ट कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या.

"कामापुरतं इंग्लिश येतं मला, सर," त्या म्हणाल्या. "फक्त शिव्या शिकवा. परदेशातून फोन येतात. समोरचा नुसता वैतागलाय की मला शिवी देतोय, ते कळत नाही. मी सगळ्यांनाच सॉरी म्हणत बसते."

मी खिडकी लावली आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"मोठ्याने, सर. फोनवर कोणी कुजबुजत नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि रिसीव्हर धरावा तशी मूठ कानाशी धरली. मग मीही आवाज चढवला. प्रत्येक शिवीनंतर त्या विचारायच्या, "याला सॉरी म्हणायचं?"

'डॅम' माणूस स्वतःच्या नशिबाला म्हणतो, तिथे सॉरी चालेल, असं मी सांगितलं. शेवटची शिवी आईवरून होती. ती ऐकून त्यांनी डोळे न उघडता मूठ कानापासून काढली आणि टीपॉयवर अलगद टेकवली.

"आपटलात तरी चालेल," मी म्हटलं.

"फोनने काय केलंय?" त्या म्हणाल्या.

त्या पुन्हा आल्या नाहीत. पण तेव्हापासून माझ्याकडे शिव्यांचा एक तास असतोच. कोणी नाक मुरडलं तरी मी तो गाळत नाही. शेवटी सगळ्यांना रिसीव्हर खाली ठेवायला लावतो, अलगद.