बिनधारेचा खंजीर

शेजारचे काका पांढरे हातमोजे घालून एक जुना जर्मन लष्करी खंजीर भिंगातून न्याहाळत होते. तान्ह्या बाळाला धरावं तसा धरला होता.

"याला धार कधी लावलीच नाही. नुसता गणवेशावर मिरवायचा. रक्त माहीत नाही याला," ते कौतुकानं म्हणाले.

काकू चहाचे कप उचलायला वाकल्या आणि टोक त्यांच्या बोटात रुतलं.

काकांनी चटकन मऊ फडकं घेतलं आणि पातं पुसलं. "रक्तानं पोलाद लगेच गंजतं," त्यांनी मला समजावलं.

शस्त्राला रक्त चाखायला युद्धच लागतं असं नाही; माणसापेक्षा त्याला जपणारा एक हात पुरतो.

काकू बोट तोंडात धरून उभ्या होत्या. काकांनी पातं उजेडात फिरवून पाहिलं. डाग नव्हता. मग ते काकूंकडे वळले.

"एक कप राहिला की!"