पाऊण भरलं की

माझ्या जावयाइतका रिकाम्या जागेवर जीव टाकणारा माणूस या कलकत्त्यात दुसरा नसेल. आणि ज्या शहरात तिघांच्या बाकावर पाच जण ‘जरा सरकून’ बसतात, तिथे हे वेडच म्हणायचं. लोकांच्या फायली, फोटो, टपाल ज्या यंत्रांत साठतं ती कधी भरतील, हे आधी ओळखायचं, एवढंच त्यांचं सॉल्ट लेकच्या कचेरीतलं काम. लेकीनं हे प्रथम सांगितलं तेव्हा मी, अतिशहाणी सासू, म्हणाले होते, “म्हणजे टाकीवर लक्ष ठेवायचं? ते तर आमचा पंपवालाही करतो!”

त्यांचा मंत्र एकच. “आई, पाऊण भरलं की मागवायचं. काठोकाठ भरल्यावर मागवलं तर नवं यंत्र यायला तीन महिने, आणि तोवर सगळं ठप्प.” त्यांचे साहेब दरवेळी म्हणतात, अजून जागा आहे की! जावई दरवेळी आलेख काढून दाखवतात आणि दमून घरी येतात. भरलं तर शिव्या. नाही भरलं तर हा माणूस करतो तरी काय, असा प्रश्न. घरीही तेच. डाळीचा डबा पाऊण, बॅग पाऊण, चहाचा कपसुद्धा पाऊण. मी आग्रहाची पोळी पुढे केली की ताटावर हात. “अहो, पोट आहे की गोदाम?” “दोन्हीला नियम एकच, आई.”

फसले ते एकदाच. गणपतीच्या जेवणाला साठ मराठी माणसं बोलावली आणि स्वयंपाक चाळिसांचा केला. ऑफिसात म्हणे असंच चालतं. प्रत्येक खातं मागतं डोंगराएवढं, वापरतं मूठभर, म्हणून शब्द सगळ्यांना द्यायचा आणि यंत्रं बेतानंच आणायची. “सगळे एकदम येत नाहीत, आई.” त्या दिवशी सगळे एकदम आले. बराकपूरची मंडळी तर सोबत पाहुणे घेऊन आली. मोदक अर्धे करून वाढले, आणि जावई घाम पुसत प्रत्येक पानापुढे माफी मागत फिरले. मी पदराआड मनसोक्त हसून घेतलं. “एरवीच्या सवयीवर विसंबलो,” भांडी आवरताना ते म्हणाले, “माणसांकडे नीट पाहायला हवं होतं.”

त्यानंतर त्यांच्या घरातली एक खोली रिकामीच राहिली. “शिवणयंत्रसुद्धा ठेवू देत नाहीत गं,” लेक कुरकुरायची, आणि मी म्हणायचे, “आता खोल्याही पाऊण केल्या वाटतं!”

मी मात्र कलकत्त्यातच, पण दूर बेहाल्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, एकटी. “मरेपर्यंत इथंच” असं साठीत ऐटीत जाहीर करणारी ती बाई मला आता भेटली, तर तिला भाजीची पिशवी देऊन दोनदा वर पाठवीन. यंदा गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. लेकीच्या घरी जाऊन अडगळ व्हायचं, ही एकच धास्ती. काय टाकायचं याची यादी करता करताच मी थकून गेले. जावई मोजपट्टी आणि वही घेऊन आले, तेव्हा म्हटलं, “सांगा, काय काय काढून टाकू?”

“काहीच नाही. सगळं मावतंय. तुमची खोली आहे ना.”

“ती रिकामी? ती माझी कधीपासून?”

“सहा वर्षं झाली.”

“तेव्हा तर मी चांगली धडधाकट होते!”

त्यांनी वही मिटली. “तुम्ही दुसऱ्या मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागलात ना, तेव्हापासून. घर तिसऱ्यावर, आई.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, ते नाटक कुणाला कळलेलं नाही.

काल नव्या खोलीतलं कपाट लावून झालं. वरचा कप्पा मी आपण होऊन मोकळा सोडला. मग चहा केला आणि त्यांचा कप काठोकाठ भरून पुढे ठेवला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खांदे सैल सोडून खुर्चीत बसले आणि सावकाश सगळा प्यायले.