रविवारची आत्या

आमची आत्या कॉलेज रविवारी बघायला जायची. बाकीचं जग सोमवारी जातं. सोमवारी ऑफिस उघडं असतं, फॉर्म मिळतो, साहेब भेटतात, फाटकापासच्या फुलझाडांना पाणी घातलेलं असतं. आत्याला यातलं काहीच नको असे. "सोमवारी कॉलेज नटून बसतं," ती म्हणायची, "रविवारी घरच्या कापडात असतं. सोयरीक करायची तर घरच्या कापडात बघावं." ती स्वतः सातवी शिकलेली. पण धारूरच्या घाटाखालच्या आमच्या गावात बारावी झालेल्या पोराचा फॉर्म तिचा रविवार झाल्याशिवाय भरला जात नसे. सगळं गाव तिला रविवारची आत्या म्हणे, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

याची सुरुवात एका पत्र्याच्या पेटीपासून झाली. शेजारचा दत्तू पुण्याच्या कॉलेजात गेला आणि दिवाळीच्या आधीच, पेटी तिथंच टाकून परत आला. का आलास विचारलं की खाली बघायचा. बाप तापट, पेटी आणायला आपण जाणार नाही म्हणून त्यानं सांगून टाकलं. आत्या गावच्या दूध संस्थेत माप घ्यायला होती. संस्थेचे सचिव म्हणजे शाळेतले गुरुजी. त्यांना रविवारी सुट्टी, त्या दिवशी माप ते बघायचे, म्हणून आत्यालाही रविवारीच सुट्टी. ती पुण्याला गेली ती अशी नाइलाजानं रविवारी. पेटी मिळाली, पण गाडीला वेळ होता, म्हणून वसतिगृहाच्या पायरीशी पेटीवरच बसून राहिली. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्यांचं कुणी होतं ते घोळक्यानं जेवायला गेले. उरलेली पोरं कठड्यावर बसली होती, एकमेकांपासून दोन-दोन हात लांब. आत्या परत आली ती दत्तूच्या बापाला म्हणाली, "तुमचं पोरगं भेकड न्हाई. दोन म्हयन्यात त्याला कुणी 'जेवलास का' म्हणून इचारलं न्हाई." बापानं पेटी उचलून आत ठेवली. दत्तू पुढच्या वर्षी अंबाजोगाईला गेला, शिकला, टिकला.

तेव्हापासून तिचे तीन प्रश्न ठरून गेले. पोरगं तापानं फणफणलं तर दवाखान्यात कोण नेतं? दिवाळीत घरी न जाणारी किती, आणि ती काय खातात? आणि पाणी कुठलं? तिसऱ्याचं उत्तर ती कधी ऐकून घ्यायची नाही, पिऊन बघायची. प्राध्यापक किती, निकाल काय, हे तिच्या लेखी नंतरचं. इमारतीचं तर नावच नको. "बैल बी शिंगं रंगवूनच बाजारात उभा करतेत," एवढंच म्हणायची. मात्र सगळ्यांना एकच कॉलेज, असं तिचं नव्हतं. लाइनमनच्या सिद्धार्थचं घर एका खोलीचं, माणसं सात. त्याच्यासाठी तिनं अभ्यासिका रविवारीही उघडी असलेलं कॉलेज शोधलं. "याला मेस कशीबी चालंल, टेबल पायजे," म्हणाली.

एकदा लातूरकडच्या एका कॉलेजात वॉचमनला वाटलं, ही मेसमध्ये भाकरी थापायला आलेली बाई. त्या दिवशीची बाई आली नव्हती. आत्यानं गैरसमज दूर केला नाही. पदर खोचला आणि चाळीस पोरांच्या भाकरी थापल्या. तीन तासांत, कोणत्या पोराला घरून पत्र येत नाही इथपासून रेक्टर कुठल्या मुलाला घाबरतो इथपर्यंत सगळी माहिती घेऊन आली. वर मजुरीही घेऊन आली. वाण्याच्या मुलासाठी ते कॉलेज तिनं नापास केलं, पण तिथला आचारी पुढं कितीतरी वर्षं तिला नवीन पिठाबद्दल पोस्टकार्ड लिहीत असे.

आता मी. मी आत्याकडे 'सोबतीला' होतो. आमच्याकडे हा रिवाज आहे. एकटीदुकटी बाई असली की भावाचं एखादं लेकरू तिच्याकडे ठेवतात. आत्याचं लग्न झालं आणि दीड वर्षात ती माहेरी परत आली. का आली, हे घरात कुणी बोलत नसे. माझे आई-वडील आणि थोरला भाऊ साखर कारखान्याच्या वसाहतीत. वडील तिथं फिटर. मी पाच वर्षांचा असताना मला गावी आणून सोडलं. सोबत म्हणून माझा उपयोग शून्य होता. अंधाराला मी भ्यायचो, विंचू दिसला तर ती मला खाटेवर उभं करायची. पण माझं एक होतं: मी दिवसभराचं सगळं तिला सांगायचो. आणि फक्त तिलाच. घराबाहेर माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायचो तेही शेजारचा कोपरखळी मारायचा तेव्हा. संध्याकाळी मात्र आत्या कॅन विसळायची आणि मी ओट्यावर बसून मास्तरांच्या चालीपासून गावच्या भांडणापर्यंत सगळं नकलांसकट सांगायचो. ती हसता हसता खाली बसायची. माझ्या आयुष्यातले सगळ्यात दर्दी श्रोते, संख्या एक.

मी बारावी झालो त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा चुकला होता. जनावरं छावणीत गेली. दूध संस्थेत सकाळी पाच-सहा कॅन भरायचे तिथं एक भरेना. आत्या तरीही दोन्ही वेळा पत्र्याचं दार उघडून मापं मांडायची. गावात टँकर यायचा. आणि त्याच वर्षी, कारखान्याच्या चेअरमन साहेबांनी काढलेल्या नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात कामगारांच्या मुलांना जागा मिळणार असं ठरलं. चेअरमन साहेबांनी वडिलांना नावानं हाक मारून सांगितलं. वडील आठ दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. कॉलेज आमच्या गावापासून तासाभरावर. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी घरी. पोरगं इंजिनिअर होतंय, चेअरमनचा शब्द राहतोय आणि बहिणीची सोबतही तुटत नाही. एका दगडात तीन पक्षी पाहून ते माझ्यासाठी पेढे घेऊन आले. मला तर स्वर्ग मिळाला. दुसरा पर्याय होता नांदेडचं एक जुनं कॉलेज. तिथं जायचं तर दिवस जातो, आणि राहायचं वसतिगृहात, अनोळखी पोरांबरोबर.

आत्या म्हणाली, "बघून येते." लागोपाठच्या दोन रविवारी दोन्ही कॉलेजं बघून आली. वडील मुद्दाम गावी आले होते. आत्या पाटावर बसली आणि सरळ म्हणाली, "चेअरमनच्या कॉलेजात पाणी न्हाई. पोरं बादल्या घेऊन रांगंला उभी हायती. तिथं न्हाई घालायचं."

दुष्काळात 'पाणी नाही' या वाक्याला उलटतपासणी नसते. वडिलांनी तरी प्रयत्न केला. हा रोज घरी येणार, त्याला तिथलं पाणी कशाला लागतंय, असं काहीतरी. आत्या म्हणाली, ज्या कॉलेजाला पाण्याची सोय बघता येत न्हाई, त्याला पोरांची काय बघता येणार. रविवारच्या आत्याचा शब्द तोवर कधी खोटा ठरला नव्हता. वडील चेअरमन साहेबांना तोंड दाखवायला कचरू लागले आणि मी आतल्या खोलीत जाऊन रडलो. आत्या माझी समजूत काढायला आली नाही. माझ्या शर्टाला बटणं लावत बसली. होती त्या बटणांवरही पुन्हा दोरा घालत होती.

नांदेडला खोलीत चौघं. पहिला महिना मी भिंतीकडे तोंड करून काढला. दर गुरुवारी कॉइन बॉक्सवरून संस्थेच्या फोनवर आत्याला फोन करायचो, आठवड्याचं सगळं साठवून. दोन वाक्यं झाली की ती म्हणायची, "दूध आलंय रं, ठिवते." दूध! तेव्हा गावात दूध म्हणजे अफवा होती. पण फोन ठेवला जायचा आणि साठवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहायचं. असे पाच-सहा गुरुवार गेल्यावर एका संध्याकाळी खोलीतला एकजण भाकरी कच्ची आहे म्हणून कुरकुरला आणि माझ्या तोंडून आपोआप आत्याची चाळीस पोरांच्या भाकरींची गोष्ट बाहेर पडली. आचाऱ्याच्या नकलेसकट. तिघं हसले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतले दोघं तीच गोष्ट ऐकायला आले. मग मी जो सुटलो तो आजतागायत थांबलेलो नाही, बायकोला विचारा.

पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीला आलो. गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो, तर मागून शबाना उतरली. सायकल दुरुस्तीवाल्या रशीदचाचांची मुलगी, माझ्या मागच्या वर्गातली. तिच्या आईचं अर्धं अंग गेलेलं. संध्याकाळी घरी पोचणं तिला भाग होतं. ती म्हणाली, आत्यानं चाचांना आधीच सांगून ठेवलंय, पोरीला चेअरमनच्या कॉलेजात घाला. आत्ता ती फॉर्म घेऊनच येत होती. मी म्हणालो, "अगं पण तिथं पाणी नाही ना?"

शबाना माझ्याकडे बघतच राहिली. "कोण म्हणालं? तिथली विहीर कधी आटलीच न्हाई. आपल्या गावचा टँकर तिथंच तर भरतो."

टँकर कुठून येतो हे गावात कुणी विचारत नसे. येतो का, एवढंच विचारायचं असे. वर्षभर आत्यानं घागरी भरल्या त्या त्याच विहिरीच्या पाण्याच्या.

मी घरी गेलो तेव्हा आत्या कॅन विसळत होती. वर्षभरात मी बरंच बोलायला शिकलो होतो, त्यामुळे ओरडताही आलं. माझ्याशी खोटं का बोललीस, असं विचारलं. ती विसळत राहिली. मग म्हणाली, "पाणी लई हाय तिथं. गोड बी हाय. मी दोन तांबे प्याले."

"मग?"

"तू माझ्याशीच बोलत हुतास, बापू. दुसऱ्या कुणाशी न्हाई. मी मेल्यावर कुणाशी बोलला असतास?" कॅन पालथा घातला. "आन् खरं सांगितलं असतं तर तुझ्या बापानं तिथंच घातला असता तुला. मला न्हाई म्हणता आलं नसतं. रोज सांच्याला तू घरी येणार, आन् मी न्हाई म्हणते व्हय? म्हणून आधीच पाणी आटवून टाकलं."

जेवायला बसलो. तिनं विचारलं, खोलीतली पोरं कशी हायती. मी 'चांगली आहेत' म्हणालो आणि जेवत राहिलो. नक्कल एकाचीही केली नाही.

त्यानंतर मी कमी येऊ लागलो. राग धरला म्हणून, असं सांगितलं तर गोष्टीत शोभेल. खरं एवढंच की मला तिकडं करमायला लागलं होतं. मग पुण्यात नोकरी, लग्न. दूध संस्था बंद पडली, पत्र्याच्या दाराला कुलूप लागलं. आत्याला मी पुण्याला आणलं तर आठ दिवस राहिली. सोसायटीतल्या मुलांना कुठलं कॉलेज, असं कुणी विचारेल अशी तिची समजूत होती. कुणी विचारलं नाही. नवव्या दिवशी परत गेली. माझ्या भावाची मुलगी तिच्या सोबतीला ठेवायचा विषय एकदा निघाला होता. आत्या म्हणाली, "तिला शिकू द्या. सोबत पुरे झाली." तिनं वाट दाखवलेल्यांपैकी गावात एक शबानाच राहिली होती, इंजिनिअर झाली तरी आईपायी गावच्या शाळेत शिकवायची. ती सांगते, संध्याकाळी आत्याकडं गेलं की आत्या चहा करायची आणि कप रिकामा झाला की म्हणायची, ऊठ, आई वाट बघत असंल. शबानाची आई वारल्यावरही सवयीनं तेच म्हणायची, मग जीभ चावायची.

आत्या गेली तेव्हा मी नागपूरला होतो. कंपनीत नव्या लोकांना शिकवणं हे माझं काम, म्हणजे बोलण्याचेच पैसे मिळतात. अंत्यदर्शन चुकलं. दहाव्याला पोचलो. दत्तू आला होता, सिद्धार्थ आला होता, आणखी कितीतरी, सगळे लांबलांबून आणि सगळ्यांना संध्याकाळच्या गाड्या. गुरुजी, आमचे जुने सचिव, म्हणाले, बापू, तू चांगला बोलतोस म्हणे, दोन शब्द बोल.

मी अर्धा तास बोललो. भाकरी थापल्या ते सांगितलं, बैलाची शिंगं सांगितली, तिच्या आवाजात सांगितलं. माणसं डोळे पुसता पुसता हसली. रशीदचाचा तर गुडघ्यावर हात मारून हसले. बोलणं चांगलं झालं. मला कळतं ते. मग एकेक जण उठला, गाड्या फाट्याकडे गेल्या, आणि मी सतरंजी झटकून आत आलो. कोण कुठं हसलं, गुरुजींनी चष्मा कसा काढला, चाचा काय म्हणाले, हे सगळं ताजं होतं. मी ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "आत्या, ऐक."