पोतं उचललेला हिरो

पब्लिकभाऊ सिनेमात सगळ्यात आधी हिरोचे हात बघायचे. तोंड नंतर. पडद्यावर कुणी भरलेली बस उचललेली असो की कोसळणारं विमान खांद्यावर घेतलेलं असो, भाऊ खुर्चीतून पुढे वाकायचे, त्याच्या तळव्यांवर नजर रोखायचे आणि चार खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायचे, "ज्यानं जिंदगीत पोतं नाही उचललं, थो बस काय उचलीन बे?" पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायची. भाऊंना त्याचं काही वाटायचं नाही.

खामगावच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा होता. पहाटे वांगी-मेथी बाजारात पोचवायची, घरी येऊन आंघोळ करायची आणि शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून टॉकीज गाठायची, हा नेम. 'मले आवडला' असं ते कधी म्हणायचे नाहीत. 'पब्लिकले पटत नाही', 'पब्लिक हे सहन करनार नाही' असंच बोलायचे, म्हणून नाव पडलं पब्लिकभाऊ. आता त्यांचे अंदाज खरे ठरायचे असं मात्र कुणी समजू नये. ते ज्याला आपटवायचे तो सिनेमा महिना महिना चालायचा, आणि त्यांनी डोक्यावर घेतलेला सोमवारी उतरायचा. तरी पुढच्या शुक्रवारी निकाल तेवढ्याच ठासून.

सिनेमा सुटला की टॉकीजसमोरच्या चहाच्या टपरीवर बैठक बसायची. माझं मेडिकल टपरीला लागूनच, त्यामुळे मी कायमचा सभासद. बैठकीचा नियम भाऊंनीच घातलेला. सिनेमात जो झोपला त्यानं पहिलं मत द्यायचं. "त्याले कोनाचं घेनं नाही न देनं नाही, थोच खरं सांगीन," असं त्यांचं म्हणणं. आमच्यातला गजू टेलर हमखास झोपायचा, त्यामुळे गावातल्या बहुतेक मोठ्या सिनेमांवर पहिलं मत त्याचं आहे. जाग कुठे आली यावरून तो सिनेमाची लायकी ठरवायचा आणि भाऊ अगदी गंभीरपणे मान डोलवायचे.

सुपरहिरोचा सिनेमा असला की खरी रंगत यायची. मुंबईवाल्यांनी निवडलेले सगळे नट भाऊ एका दमात काढून टाकायचे आणि तोच सिनेमा खामगावची माणसं घेऊन नव्यानं उभा करायचे. उडणारा हिरो म्हणून आमच्या भागातला विजेचा लाइनमन. "थो तसाही अर्धा हवेतच राह्यते." व्हिलनच्या जागेवर मात्र गावातलं नाव येऊ द्यायचे नाहीत. "उद्या त्याच्याच दुकानातून तेल आनाचं आहे आपल्याले." एकदा गजूनं विचारलं, "भाऊ, अदृश्य होनारा कोन मंग?" भाऊ चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "त्याले कायले शोधता? मी आहो ना. टॉकीजच्या बाहेर मले कोन पाह्यते?" आम्ही हसलो. तेही हसले.

मग पुण्याहून दोघे जण आले. मराठीत सुपरहिरोचा सिनेमा काढायचा म्हणून शूटिंगसाठी गावातली कापसाची जुनी जिनिंग मिल बघायला आलेले. एक लेखक, एक दिग्दर्शकाचा असिस्टंट. चहाला टपरीवर थांबले, भाऊंचं बोलणं कानावर पडलं आणि तिथेच चिकटले. आठवडाभर रोज यायचे. मोबाइल समोर ठेवून भाऊंना बोलतं करायचे, त्यांनी काही म्हटलं की एकमेकांकडे बघायचे. "काका, तुम्ही म्हणजे खजिना आहात," असिस्टंट म्हणायचा. भाऊंनी त्यांना मळ्यात नेलं, वहिनींच्या हातची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊ घातलं, जिनिंगमधला कोपरान् कोपरा दाखवला.

आणि आपला हिरो देऊन टाकला. इतकी वर्षं आम्हालाही पूर्ण न सांगितलेला. "हमाली करनारा घ्या," ते म्हणाले. "त्याले ताकद वरून नाही आली पाह्यजे. ताकद आधीपासूनच असते त्याच्यात, फक्त लोकाइले दिसत नाही. ज्या दिवशी दिसते, त्या दिवशी पिक्चर सुरू." सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला होता. लेखक म्हणाला, "वा, काका." जाताना असिस्टंटनं हात हातात घेतला. "एक रोल तुमच्यासाठी राखून ठेवतोय. फक्त असेच राहा, मिशांना हात लावू नका."

भाऊंनी मिशांना हात लावला नाही. केस रंगवणं सोडलं. वहिनींनी टोकलं तर म्हणाले, "त्याइनं सांगतलं आहे." कुणाला मुद्दाम सांगत नव्हते, पण मोबाइल वाजला की सगळ्यांच्या आधी उठायचे. फोन आलाच नाही. युनिट आलं, जिनिंगमध्ये दिवे लागले, आणि भाऊ बघायला गेले तेव्हा एका पोरानं त्यांना दोरीच्या मागे सरकायला लावलं. त्यांनी असिस्टंटला हात केला. तो कानाला फोन लावून दुसरीकडे वळला. भाऊ परत येऊन म्हणाले, "कामात होता बिचारा."

सिनेमा लागला त्या शुक्रवारी आम्ही सगळे होतो. रोल गेला तर गेला, पण हिरो तरी आपला असेल, या आशेवर भाऊ आले होते. पडद्यावर आला तो व्यायामशाळेत घडवलेला, मऊ तळव्यांचा पोरगा. त्याला ताकद आकाशातून पडलेल्या दगडानं दिली. मी भाऊंकडे बघितलं. ते अजून वाट बघत होते.

मग तो आला. शहरातला नट, तोंडाला काळपट रंग फासलेला, भाऊंसारख्याच पांढऱ्या वाढलेल्या मिशा, वाक्यागणिक 'काऊन बे'. टपरीवर बसून तो हिरोचे हात बघतो, जीभ बाहेर काढून म्हणतो, "ज्यानं जिंदगीत पोतं नाही उचललं, थो बस काय उचलीन बे?" आणि उठताना नालीत पडतो. टॉकीज हसून फुटली. शिट्ट्या, टाळ्या. आपली बोली पडद्यावर आली म्हणून आमच्याच गावाला आनंदाचं भरतं आलं होतं. ती बोली नालीत पाडायलाच आणली होती, हे त्या शिट्ट्या मारणाऱ्यांच्या डोक्यात शिरलं नाही. मला त्या पुण्याच्या दोघांचा आला नसेल एवढा राग माझ्या गावाचा आला. अजूनही येतो.

टपरीवर पहिलं मत कुणी द्यायचं हा प्रश्न आला. त्या दिवशी गजूसुद्धा झोपला नव्हता. शेवटी भाऊच म्हणाले, "पब्लिकले आवडला ना? झालं तर." चहा न घेताच सायकल काढली.

पुढचं सगळं मोबाइलनं केलं. तो नालीचा तुकडा घराघरात गेला. बाजारात भाऊ वांग्याचं कॅरेट उचलायला वाकले की दहा तोंडातून तेच वाक्य त्यांच्या अंगावर यायचं. म्हणणाऱ्यांत त्यांना ओळखणारे होते, न ओळखणारेही होते. हे आपलंच वाक्य आहे, हे ते कुणाकुणाला सांगणार? मी एकदा सांगू लागलो तर त्यांनी माझा दंड धरला. "जाऊ दे. भांडून काय आपल्याले पिक्चरमंधी घेतीन?" हळूहळू मळ्यातला माल त्यांचा पुतण्या आणू लागला. शुक्रवारची त्यांची खुर्ची दुसऱ्यांना मिळू लागली. बैठकही मोडली. झोपणाऱ्याला आधी विचारायचं आता कुणाला सुचत नाही. सिनेमा सुटतो, जो तो मोबाइलमध्ये तोंड घालून घरी जातो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या उंद्रीला एका लग्नात भाऊ आणि मी शेजारी जेवायला बसलो होतो. त्यांनी मिशा काढलेल्या. भाऊ खाली बघून जेवत होते. वाढणारा आला तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "मले थोडंसं वरन दे बाबू, भात कोरडा होऊन राह्यला." समोर बसलेल्या, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांतल्या एका तरुणाचे डोळे चमकले. "काका, सेम त्या पिक्चरमधल्या काकांसारखं बोलता हो तुम्ही! भारी नक्कल करता!"

मी घास खाली ठेवला. भाऊंनी माझ्याकडे बघितलंही नाही. वरण भातात कालवत ते त्या पोराला म्हणाले, "हाव बाबू. त्याचंच पाहून शिकलो."