उलट्या पायांची हडळ

पत्ते म्हटलं की लोकांना रमी आठवते. आमच्या डावात राजा-राणी कुणी नव्हतं. उडती म्हैस होती, बोळका राक्षस होता, एसटीत झोपलेला वेताळ होता. पालमच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आणि मी, आम्ही दोघींनी जुन्या लग्नपत्रिका कापून, कोऱ्या बाजूला चित्रं काढून तो डाव रचला होता. म्हैस टाकली की तोंडानं रेकायचं आणि समोरच्याचं एक पान ओढून घ्यायचं. वेताळ अंगावर आला की गंगाखेड येईस्तोवर डोळे मिटून बसायचं, आणि गंगाखेड आलं की नाही ते बाकीच्यांनी सांगायचं! सगळ्यात जबर पान मैत्रिणीनं काढलेलं, उलट्या पायांची हडळ. ती ज्याच्यावर पडेल ते आल्या वाटेनं परत. ज्यानं दिलं त्यानंच घ्यायचं.

उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या ओसरीवर खेळ चालायचा. माझा धाकटा भाऊ असायचा आणि माय असायची. माय तर लय हौशी. रेकता रेकता हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि माझ्या मैत्रिणीच्या खांद्यावर ती डोकं टेकायची. डाव संपला की हीच माय त्या पोरीला चहा द्यायची ओसरीच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. मैत्रीण बौद्धवाड्यातली. तो कप घरात येत नव्हता, आणि विसळायचाही तिनंच. अरे, खांदा चालतो आणि कप चालत नाही? हे कुठलं इमान?

घरी जाताना अर्धी पानं ती न्यायची, अर्धी माझ्याकडं राहायची. एकीला सोडून दुसरीनं खेळायचंच नाही, असं आमचं ठरलेलं.

मग नामांतराचा ठराव झाला आणि गावंच्या गावं पेटली. शाळा बंद, गाड्या बंद. वडील म्हणाले, "तिनं इकडं यायचं न्हाई, तू तिकडं जायचं न्हाई." विद्यापीठाच्या नावावरून डोकी फिरली मोठ्यांची आणि डाव मोडला आमचा! त्यात मायनं वर शहाणपणा केला. पत्ते त्यांच्या पोरीचे, आपल्या घरात कामून ठेवायचे, म्हणून माझी अर्धी पानं दळणाला निघालेल्या एका बाईच्या हाती बौद्धवाड्यात धाडून दिली. तिकडं तिच्या मायनंही भिऊन तेच केलं. म्हणजे माझी पानं तिच्याकडं आणि तिची माझ्याकडं! दोन्ही घरांनी अक्कल पाजळली आणि डाव अर्ध्याचा अर्धाच राहिला. हडळ माझ्या पानांत होती, तीही गेली. मी दोन वेळा जेवले नाही, पण कुणाला काय त्याचं.

मैत्रीण पुढं परभणीला मामाकडं शिकली, गंगाखेडला मास्तरीण झाली. माझं लग्न झालं. तिची पानं मी सासरीसुद्धा जपून ठेवली.

शेवटी पंधरा-सोळा वर्षांनी एका संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, तेव्हा मी माहेरी आले होते. माय म्हणाली, "मिटलं की आता. बोलव की तुझ्या मैत्रिणीला, खेळू." मिटलं! जशी काय भाजी करपली होती. लोकांची घरं जळाली, पोरं शाळेतून उठली, आणि ही म्हणती मिटलं! तरी मी निरोप धाडला. मला तो डाव पुरा पाहिजे होता, आणि तिच्यासोबतच पाहिजे होता.

ती आली. दोघींची पानं आम्ही चटईवर एकत्र ओतली. आता मिशा राखलेला माझा भाऊ म्हशीसारखा रेकला. मायवर वेताळ पडला, ती डोळे मिटून विचारायली, "आलं का गं गंगाखेड?" मैत्रीण म्हणाली, "न्हाई मावशी, बस अजून स्टँडवरच हाय." आम्ही पोट धरधरून हसलो. मला वाटलं, जुळलं बाई एकदाचं.

मग माय उठली आणि चहा घेऊन आली. आमच्यापुढं कपबश्या ठेवल्या. मैत्रिणीपुढं तोच कान तुटलेला कप. इतकी वर्षं जपून ठेवला होता, बघा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मैत्रिणीनं हातातलं एक पान काढलं आणि त्या कपावर आडवं ठेवलं. हडळ होती. मग कप हळूच मायपुढं सरकवला.

"मावशी, डाव तुमाला पाठ हाय," ती म्हणाली.

भाऊ हसला आणि लगेच हातातली पानं लावत बसला. माय म्हणाली, "खेळातलं खेळात असतंय, बाई."

"मग आपण खेळायलोतच की," मी म्हणाले. "घे. ज्यानं दिलं त्यानं घ्यायचं."

मायनं कपाला बोट लावलं नाही. चहाच्या वाफेनं पान ओलं व्हायला लागलं. थोड्या वेळानं मैत्रीण उठली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चपला घालून निघाली.

जाताना तिनं तिची अर्धी पानं नेली नाहीत.